भिंतीचं पाणी

डाळ शिजत नव्हती, तिथून हे सगळं सुरू झालं.

मसूर घ्या, तूर घ्या, रात्रभर भिजत घाला, सोडा टाका, काहीही करा. चुलीवर दोन तास उकळली तरी दाणा दाण्यासारखाच. वरून फुगलेला, आतून खडा. दोष डाळीचा नव्हता, पाण्याचा होता. सत्तावन्न सालचं कुवेत. शुऐब्याच्या बाजूला, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या वस्तीला लागून सरकार शाळा बांधत होतं. त्या कामावर दोन तऱ्हेचं पाणी. एक मागच्या विहिरीचं, मचूळ; ते अंघोळीला, भांड्यांना आणि सैपाकाला. दुसरं गोडं, ते शहरातून टँकरनं यायचं, लोखंडी टाकीत पडायचं आणि टाकीला कुलूप लागायचं. गोडं पाणी पिण्यापुरतं माणशी मोजून मिळे. बाकीचं सगळं भिंतीचं.

भिंतीला गोडं पाणी आणि माणसाच्या डाळीला मचूळ. मला हे पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

माझा नवरा झहूर त्या कामावर मिस्त्री होता. नवा नवा मिस्त्री. आधी सहा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या हाताखाली थापी चालवली होती. मिस्त्रीपण मिळालं तशी पत्र्याची खोली मिळाली, आणि खोली मिळाली म्हणून त्यानं मला गावाहून बोलावून घेतलं. त्याच्या हाताखाली अकरा माणसं, सगळी आमच्या रत्नागिरीकडची, सगळी बायका गावी ठेवून आलेली. त्यांचा दोन वेळचा सैपाक माझ्याकडे आला. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे जाळायचे, धुरानं डोळे चोळायचे आणि बारा ताटं वाढायची.

त्या ताटांवर रोज माझी परीक्षा.

"भाबी, ही डाळ हाय की बंदुकीचे छर्रे?" रियाज विचारायचा. तो सळ्या बांधायचा आणि जिभेला कधी गाठ मारायचा नाही. "एक दाणा त्या कावळ्याला मारला, तो पडला बघा."

सगळे हसायचे. झहूर खाली मान घालून भात कालवत राही. आदल्या महिन्यापर्यंत तो यांच्यातलाच एक होता. आता मिस्त्री झालेल्याच्या बायकोला डाळ शिजवता येत नाही, हे ऐकायला सगळ्यांना गोड लागत होतं. रात्री खोलीत तो एवढंच बोलायचा, "गो खैरू, जरा बघ ना काय करता येतं ता."

माझं नाव खैरुन्निसा. पण एवढं मोठं नाव घ्यायला त्याला कधी वेळ नव्हता.

टाकीची किल्ली उस्मानमामूकडे. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्याच गावचे, माझ्या बाबांचे दोस्त. दोघं एकाच बोटीवर खलाशी होते. मग मंदी आली, बोटी गोदीत उभ्या राहिल्या आणि खलाशी घरोघर परत आले. गावात ना शेती पुरेशी, ना मासळीला भाव. तेव्हा सरकारनं रस्त्याचं काम काढलं. हातांना काम द्यायचं म्हणून काढलेलं काम. ज्यांनी लंडनचा धक्का पाहिला होता ती माणसं आमच्या खाडीकाठी बसून खडी फोडू लागली. गाव त्यांना 'खडीवरची माणसं' म्हणायचं. बाबा मशिदीत मागच्या रांगेत उभे राहायचे ते तेव्हापासून, असं आई सांगायची. पण एक गोष्ट आई मान वर करून सांगे. त्या रस्त्यावर खाडीच्या ओढ्याला एक मोरी बांधायची होती. चिऱ्याची, चुन्यात. साहेब बोलला, बांधकामाला गोडं पाणीच मारा. विहीर गावात, अर्धा मैल लांब, आणि उन्हाळ्यात तिचा तळ दिसायचा. बायका घागर द्यायला तयार होईनात. शेवटी बाबांनी खाडीचं खारं पाणी मारलं. "आणि मोरी बघ," आई म्हणायची, "पंचवीस पावसाळे झाले, अजून उभी हाय." मी त्या मोरीवरून शाळेत जायचे, सासरी गेले, आणि कुवेतला निघाले तेव्हा बैलगाडी तिच्यावरूनच गेली.

म्हणून भिंतीला पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ती मोरी माझ्या डोक्यात होती.

काम आलं ते असं. पाणी मारणारा माणूस तापानं आजारी पडला आणि त्याला गावी धाडलं. नवा माणूस यायला महिना. झहूर बोलला, "तूच मार. तीन वेळा मारायचं. पहाटे फजरला, दुपारी, आणि ऊन कललं की असरनंतर. भिंतीवरचं गोणपाट सुकता कामा नये." उस्मानमामूंनी टाकीतून रोज वीस डबे मोजून द्यायचे आणि मी ते भिंतीवर ओतायचे. जून महिना. वाळूवरून पाय चालत नसत, भाजत. वारा सुटला की समोरचा माणूस दिसत नसे, दातांत रेती कचकचायची. ओलं गोणपाट मी डबा ठेवून वळेपर्यंत सुकायचं. सिमेंटनं बोटांच्या कडा फाटल्या. मिठाचा हात लागला की डोळ्यांत पाणी यायचं.

आणि कुंपणाबाहेर वस्तीतल्या बायका उभ्या असत. काळ्या अबाया, हातात डबे, पितळी भांडी. त्यांच्याकडेही टँकर येई, पण येईल तेव्हा येई. मला डबा नेताना बघितलं की त्या हाका मारायच्या, "माय! माय!"

पहिल्या दिवशी मी थबकलेच. मला वाटलं, या आपल्या आईला हाका मारतायत. मामूंना विचारलं तर ते तोंडाला रुमाल लावून हसले. "अगो, त्यांच्यात पाण्याला माय बोलतात."

कुंपणापलीकडून माय माय ऐकायचं आणि गोडं पाणी सिमेंटवर ओतायचं. दोन दिवस मी ओतलं. तिसऱ्या दिवशी दोन डबे खोलीत नेले आणि त्यांच्या जागी विहिरीचे दोन भिंतीला मारले.

त्या दिवशी डाळ शिजली. अशी शिजली की पळीला चिकटली. लसणीची फोडणी दिली, आणि बारा माणसं न बोलता जेवली. रियाजनं ताट बोटानं पुसलं. "भाबी, आज कुणाची नजर काढलीत?" झहूरनं दुसऱ्यांदा भात मागितला. माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर इतकं नीट बघितल्याचं मला आठवत नाही.

उस्मानमामूंनी डाळ ओरपली आणि बोलले, "पाणी लागलं वाटतं डाळीला." बस्. तेवढंच.

मग दोनाचे सहा झाले. सहाचे बारा. सैपाकाला लागतं त्याहून जास्त मी नेतेय हे मला कळत होतं, पण कुंपणाशी एक म्हातारी यायची, तिच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं आणि तिचं भांडं नेहमी सगळ्यांत लहान असायचं. तिला नाही म्हणता येईना. तिला दिलं की दुसरीला द्यावं लागे. एकीनं मला सुके मासे आणून दिले, एकीनं खजूर. मी घेतले. मला वाटत होतं, मी कुणाचं वाईट करत नाहीये. भिंत तर ओली आहेच. मोरी उभी आहे ना? मग.

पुढे पुढे भिंतीला सगळेच डबे विहिरीचे जाऊ लागले.

नवा माणूस काही आला नाही, आणि ऑगस्टच्या अखेरीला हवा दमट झाली. अंगावरचे कपडे पिळावेत अशी. एका सकाळी मी गोणपाट उचललं आणि भिंतीला पांढरं दिसलं. आधी वाटलं चुना सांडलाय. हातानं पुसलं, गेलं. दुपारी परत आलं. दोन दिवसांत खिडकीच्या खालची सगळी भिंत पांढुरकी झाली, कापसासारखा बारीक बुरा धरला आणि गिलाव्याचे पोपडे सुटायला लागले. आमच्याकडे त्याला लोणा म्हणतात. जुन्या घरांच्या जोत्याला लागतो. नव्या शाळेला लागलेला मी पहिल्यांदा बघत होते.

मी काय केलं ते सांगते. फडकं घेतलं आणि पुसत सुटले. तीन दिवस, कुणी उठायच्या आत मी सरकारी भिंत पुसत होते, पोराचं शेंबडं नाक पुसावं तशी. आणि ती परत परत वाहत होती.

चौथ्या दिवशी मोहंदिस त्या भिंतीपाशी आला. मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. फिलिस्तीनचा होता, उंच, वाकून चालणारा. शुक्रवार सोडून एक दिवसाआड यायचा आणि झहूरशी इंग्रजीत बोलायचा. त्यानं भिंतीवरून एक बोट फिरवलं. मग ते बोट जिभेला लावलं.

मी दहा पावलांवर उभी होते, हातात फडकं.

त्याचा आवाज चढला नाही. त्यानं खांबाशेजारी हातोडी मारून पोपडा उडवला, आतली सळई दाखवली. सळईवर तांबूस पाणी. मग झहूरला काही विचारलं, झहूरनं टाकीकडे बोट दाखवलं. उस्मानमामूंना बोलावलं. मामू आले, डोक्याची टोपी हातात घेऊन. पन्नाशी उलटलेला माणूस, पोरासारखा उभा. कुणीतरी मोहंदिसला आधीच सांगितलं होतं की वस्तीत या कामावरचं गोडं पाणी जातं. हिशोब सोपा होता. किल्ली मामूंकडे. म्हणजे मामूंनी भिंतीचं पाणी वस्तीत विकलं आणि मला मचूळ पाणी मोजून दिलं.

"विकलं काय रे?" झहूरनं त्यांना मोहंदिससमोर विचारलं. आपल्या भाषेत विचारलं, पण आवाज साहेबाचा काढून.

मामूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. चूल पेटलीय का विझलीय हे बघावं तसं. मग खाली बघून बोलले, "किल्ली माझ्याकडे होती."

बस्, तेवढंच. ना हो, ना नाही.

किल्ली काढून घेतली. पुढच्या आगबोटीनं परत धाडायचं ठरलं; तोवर त्यांना रस्त्यापलीकडच्या मजुरांच्या शेडमध्ये ठेवलं, जिथे जाणारे लोक बोटीची वाट बघत पडून असतात. मी त्या दिवशी सैपाक केला. डाळ केली. विहिरीच्या पाण्यात. सगळ्यांनी छर्रे चावले, कुणी थट्टा केली नाही. रियाजनं एकदा डाळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याच्या जिभेला तेव्हा पहिल्यांदा गाठ बसली.

खोलीत मी झहूरला सांगितलं. सगळं. दोन डब्यांपासून.

तो पायाचा अंगठा चोळत बसला. मग बोलला, "मला ठाव होतं."

"कधीपासून?"

"डाळ शिजली तवापासून. मी काय येडा हाय? मला वाटलं, दोन डब्यांनी काय होतंय."

"मग मामूंना विचारलंत कशाला, विकलं काय म्हणून?"

तो दिवा मालवून आडवा झाला.

सकाळी कळलं, आगबोट दोन दिवसांवर आलीय. दुपारी मी डब्यात भात आणि सुका जवळा घेतला आणि शेडवर गेले. मामू पेटीवर बसले होते. पेटीला दोरी बांधून झाली होती. मी डबा पुढे ठेवला आणि रडले नाही; रडायला तोंड नव्हतं. जे आलं तेच तोंडातून निघालं. "मामू, आपल्या मोरीला तर काय झालं नव्हतं. बाबांनी खाडीचंच पाणी मारलं होतं ना?"

ते हसले. खरंच हसले, खोकला येईस्तोवर.

"तुला कुणी सांगितलान? आईनं? अगो, ती मोरी तुझ्या बाबानं दोनदा बांधलीन."

मी पेटीसमोर खाली बसले.

"पहिली दुसऱ्या पावसात बसली. चुना पिठासारखा गळला. ओवरसियर आला आणि विचारलान, पाणी कुणी भरलं? भरत होतो मी. माझं नाव लिवून घेतलान. तर तुझा बाबा उठला. सगळ्या खडीवरच्या लोकांसमोर बोलला, पाणी मी सांगितलं होतं, याचं नाव खोडा. मग ती मोरी त्यानं परत बांधलीन. मजुरी न घेता. चार महिने. तुझी आय डोक्यावरून विहिरीच्या घागरी वाहत होती. रोज." त्यांनी जवळ्याचा वास घेतला. "आईनं तेवढं सांगितलं नसंल. बायका नवऱ्याची चूक सांगत नाहीत."

"मामू, मी जाऊन सांगते."

"काय नको सांगू. झहूर आत्ताच वर आलाय. माझं काय, मी म्हातारा झालो. दोन वर्षांनी जायाचाच होतो." मग डब्याचं झाकण उघडून त्यांनी आत बघितलं. "डाळ नाय आणलीस?"

मी पदर डोक्यावर ओढला आणि उठले.

दुसऱ्या दिवशी मोहंदिस यायचा होता. फजरच्या नमाजानंतर मी झहूरला सांगितलं, मी येते, तुम्ही साहेबाला इंग्रजीत सांगा. तो नाही बोलला नाही. शर्ट बदलला. दोघं भिंतीपाशी जाऊन उभे राहिलो. मोहंदिस आला. झहूर बोलायला लागला. बराच बोलला. भिंतीकडे हात केला, माझ्याकडे हात केला. मोहंदिसनं मान हलवली, हातातल्या कागदावर काही लिहिलं आणि बोलला, "ओके. फ्रायडे."

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं सगळं."

मला इंग्रजी येत नाही. पण त्या कामावर महिनोन्‌महिने मी एक शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकत होते. वॉटर. टाकीवर तोच रंगवलेला होता. झहूरच्या एवढ्या बोलण्यात तो एकदाही आला नव्हता.

"वॉटर नाय बोललात तुम्ही."

त्याचं तोंड उतरलं. "भिंत कधी तोडायची ता विचारलं," तो हळूच बोलला. "गो, ऐक. मी परत थापी घेतली तर ही माणसं..."

मोहंदिस वळून गाडीकडे चालला होता. मी पदर सावरला नाही, धावले. तो थांबला. माझ्याकडे अरबीचे शब्द होते किती? कुंपणावरच्या बायकांनी दिलेले चार. मी भिंतीला हात लावला.

"माय," मी म्हटलं.

त्यानं भिंतीकडे बघितलं.

"माय मालेह." खारं पाणी. म्हातारी विहिरीकडे बोट दाखवून थुंकायची तेव्हा हेच म्हणायची. मी विहिरीकडे हात केला, मग भिंतीकडे, मग स्वतःच्या छातीवर थापटी मारली. "अना." मी. मग टाकीकडे. "उस्मान ला." उस्मान नाही. "अना. माय, अना."

आई, मी. तोंडातून निघताना मला ते तसंच ऐकू आलं. सगळी माणसं काम सोडून उभी होती. रियाजच्या हातात पक्कड होती. वाळूवर उभी राहून मी माझ्या आईचं नाव घेऊन रडतेय की पाण्याचं, त्यांना तरी काय कळणार.

मोहंदिसला कळलं. तो माझ्या फाटलेल्या बोटांकडे बघत होता. मग त्यानं झहूरकडे बघितलं आणि इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. लहानसा. झहूर आपल्या पायांकडे बघत उभा राहिला. माझा नवरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता, आणि मीच त्याला तसं उभं केलं होतं.

उस्मानमामूंची पेटी परत आली, किल्लीही. झहूरचं मिस्त्रीपण गेलं. दुसऱ्या गँगचा माणूस वर आणला, तो आमच्या भाषेचाही नव्हता. खोली काम संपेपर्यंत राहू दिली. ही मेहेरबानी होती, आणि तिच्यात रोज राहावं लागायचं. शुक्रवारी झहूरनं घण घेतला आणि खिडकीखालची भिंत स्वतः फोडली. मदतीला कुणी आलं नाही, त्यानं बोलावलंही नाही. सळ्या उघड्या पडल्या, त्या त्यानं वायरच्या ब्रशनं एक एक घासल्या. मी विटांचे तुकडे घमेल्यात भरून लांब नेऊन टाकत होते.  घामानं त्याच्या पाठीवर सदऱ्याला पांढरे पट्टे धरले होते, भिंतीवर होते तसेच.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आधी ते मला एकटीला ठाऊक होतं. आता जेवायला बसलेल्या सगळ्यांना होतं, आणि त्यांना मीच वाढत होते.

नवी भिंत चढली. पाणी मारायला अजून माणूस आला नव्हता. पहिल्या सकाळी मी डबा घेऊन टाकीपाशी गेले. मामूंनी कुलूप काढलं. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी नुसते वीस डबे मोजले, हळू, एक एक, प्रत्येक आकडा तोंडानं घेत. त्यांच्या मोजण्यात आधी कधी आवाज नव्हता. मी डबा उचलला आणि भिंतीवर ओतला. परत आले. ते बघत होते. दुसरा ओतला. कुंपणाशी म्हातारी येऊन उभी राहिली, लहानसं भांडं घेऊन. "माय," ती म्हणाली. मी तिच्याकडे न बघता तिसरा ओतला. वीसच्या वीस ओतले. पाणी भिंतीत शिरताना बारीक सुस्कारा टाकतं, तो मला तोवर कधी ऐकू आला नव्हता.

दुपारी बारा ताटं मांडली. झहूर आता रांगेच्या शेवटी बसायचा, रियाजच्या पलीकडे. डाळ वाढली. विहिरीच्या पाण्यातली, तीन तास उकळलेली.  पत्र्याखाली नुसता दातांचा आवाज येत होता.

झहूरसमोर मी पळी घेऊन उभी राहिले. त्याच्या ताटातली डाळ संपली होती.

"वाढू?" मी विचारलं.

त्यानं ताट पुढे केलं. मी वाढली. त्यानं एक घास घेतला आणि चावायला लागला, कटकट, कटकट, आणि चावत राहिला.